एका पेनची वाटणी

केंदूर हे शिरूर तालुक्यातील एक जुने गाव. संत कान्हूराज महाराजांच्या मंदिरामुळे वारकरी मंडळी त्याचे नाव आदराने घेतात. शेजारच्या पाबळ येथे पद्ममणी जैन तीर्थ असल्याने आपल्या समाजातील यात्रेकरूंनाही हा परिसर अपरिचित नाही. पाऊस बेताचा, पिके बाजरी, ज्वारी, कांदा यांची, आणि गावोगावी पिढ्यान्‌पिढ्या दुकान मांडून बसलेली, मूळची मारवाडातली ओसवाल घराणी. अशाच एका घराण्यातील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे शेठजी गेल्या हिवाळ्यात एका रविवारी शिक्रापूरमार्गे पुण्यास गेले. सोबत सनदी लेखापालाचा अभ्यास करणारी नात होती. पुण्यात फाउंटन पेनांच्या संग्राहकांचे प्रदर्शन भरले होते, ते पाहावयाचे होते.

शेठजींना पेनांची हौस कधीच नव्हती. हिशेब लिहिण्यापुरते पेन आणि सहीपुरती शाई, एवढाच त्यांचा या वस्तूशी संबंध. परंतु त्या दिवशी त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात, मलमलच्या रुमालात गुंडाळलेले एक पेन होते. ते त्यांच्या वडिलांचे. त्या पेनची खरी किंमत काय, हे नातीला जाणून घ्यावयाचे होते. शेठजींना आणखी काही जाणून घ्यावयाचे होते किंवा नाही, हे त्यांनी जाताना सांगितले नाही.

वाटणीपत्रात न मावलेली वस्तू

वडिलांनी हे पेन १९५८ साली मुंबईच्या एका फेरीवाल्याकडून घेतले होते. बारीक, निमुळते, काळेभोर अंग, सोनेरी टोपण आणि अंगातच लपलेली निब. विकणाऱ्याने ते ‘पार्कर फिफ्टी वन’ म्हणून विकले होते. त्या काळी परदेशी वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. असे पेन खिशाला असणे म्हणजे पत असणे, अशी बाजाराची समजूत होती. दिवाळीच्या वहीपूजनाला चौरंगावर हेच पेन ठेवले जाई, आणि नव्या चोपड्याच्या पहिल्या पानावर ‘श्री’ची उतरंड व गौतमस्वामींच्या लब्धीची प्रार्थना याच पेनने लिहिली जाई. वर्षभराचा रोजमेळही त्याच पेनने चाले.

वडील १९८८ साली गेले. १९९१ साली दोघा भावांची वाटणी झाली. दुकान, गोदाम, विहिरीवरची जमीन, तराजू, वजने, देवघरातील चांदीची भांडी, सर्व काही पंचांसमक्ष सरळ वाटले गेले. कोणाचाही आवाज चढला नाही. शेवटी उरले ते पेन. धाकट्या भावाचे म्हणणे असे की, वडिलांच्या हयातीत अठरा वर्षे दुकानाचा रोजमेळ आपण याच पेनने लिहिला, म्हणून ते आपल्याकडे असावे. थोरल्याने पंचांपुढे सांगितले की, पेन वडिलांनी कधी कोणाच्या हाती दिलेच नाही. थोरले आठवड्यातले चार दिवस पुण्याच्या भुसार बाजारात असत. त्यांनी पाहिले ते सांगितले. जुन्या वह्या तोवर वाळवीने खाल्ल्या होत्या. पंचांनी वडीलकीचा मान म्हणून पेन थोरल्याला दिले.

धाकटे बंधू काही बोलले नाहीत. पण त्या दिवाळीपासून दोन घरांचे वहीपूजन वेगळे झाले. लग्नकार्यात येणे-जाणे राहिले, सुतकात खांदा दिला गेला, संवत्सरीला दरवर्षी ‘मिच्छामि दुक्कडम्’ही म्हटले गेले, परंतु ज्या गोष्टीबद्दल क्षमा मागावयाची, तिचा उच्चार मात्र कधी झाला नाही. आणि ज्या पेनसाठी हे घडले, ते लोखंडी कपाटात पडून राहिले. त्यातील शाई वाळली, ते लिहिनासे झाले.

पेनांचा बाजार आणि पेनांचे वेड

अशी प्रदर्शने आता पुणे, मुंबई, चेन्नई, बेंगळुरू अशा शहरांत भरू लागली आहेत. जगभरात २०१२ पासून नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार ‘फाउंटन पेन दिवस’ म्हणून साजरा होतो. बॉलपेन दहा रुपयांना मिळत असताना आणि सारा व्यवहार मोबाइलवर उरकत असताना, शाईने बोटे माखवून घेणाऱ्यांची संख्या वाढते आहे, हे नवलाचे आहे खरे.

सभागृहात हारीने टेबले मांडलेली होती. एका बाजूस विक्रेते, दुसऱ्या बाजूस आपापला संग्रह घेऊन बसलेले हौशी. निवृत्त प्राध्यापक, डॉक्टर, संगणक अभियंते, दोन-तीन शाळकरी मुलेही. मधल्या टेबलावर शाईच्या शेकडो बाटल्या आणि चाचणीसाठी कागद. प्रत्येक जण पेन उचलून आधी आपले नाव लिहून पाहात होता. माणूस नवे पेन हाती घेतो तेव्हा बहुधा स्वतःचेच नाव लिहितो, असे एका विक्रेत्याने हसत सांगितले.

फाउंटन पेनचा इतिहास एका टेबलावर क्रमाने मांडलेला होता. शाई पोटात साठविणारी पेने बनविण्याचे प्रयत्न फार जुने. पण शाई एकदम गळणे किंवा मुळीच न उतरणे, हे दोन दोष काही केल्या जात नव्हते. अमेरिकेतील लुईस एडसन वॉटरमन यांनी १८८४ साली पेटंट घेतलेल्या रचनेने ही अडचण बरीचशी सुटली. निबेखालच्या पट्टीत केसासारख्या बारीक खाचा असतात. त्यांतून शाई खाली येते आणि तितकीच हवा वर टाकीत जाते. जेवढी जावक तेवढीच आवक; एक बाजू अडली की दुसरीही अडते. जमाखर्च लिहिणाऱ्यास हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. टाकीत हवा गेली नाही तर पेन भरलेले असूनही लिहीत नाही, हे ऐकून शेठजी म्हणाले, ‘‘भांडवल अडकून पडलेल्या दुकानासारखे.’’

पुढच्या टेबलावर स्वदेशी पेने होती. आंध्रातील राजमहेंद्री येथील के. व्ही. रत्नम यांनी संपूर्ण देशी पेन बनविले. महात्मा गांधींनी ते वापरून १९३५ साली पसंतीचे पत्र पाठविले, ही त्या घराण्याची अभिमानाची ठेव. हैदराबादचे डेक्कन पेन स्टोअर्स १९२८ पासूनचे. मुंबईची एअरमेल पेन कंपनी १९५१ मधली. शाईच्या बाबतीत महाराष्ट्राचा वाटा मोठा. दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू यांनी १९३१ साली मुंबईत ‘दांडेकर आणि कंपनी’ काढली. ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड व गोळ्या हा तिचा पहिला माल. त्यामागोमाग फाउंटन पेनसाठी ‘कॅमल’ शाई आली आणि पुढे त्याच उद्योगाचे नाव कॅमलिन झाले. बंगालमध्ये १९३४ साली मैत्र बंधूंनी सुरू केलेली ‘सुलेखा’ शाईही स्वदेशीच्या चळवळीतूनच जन्मली. दोन्ही उद्योग भावाभावांचे. शेठजींनी ती माहितीची पाटी पुन्हा एकदा वाचली आणि पुढे गेले.

दौत, बोरू आणि ज्ञानाची आशातना

एका कोपऱ्यात बोरू, पितळी दौत, वाळूची डबी आणि मोडीतील एक जुनी वही ठेवली होती. फाउंटन पेन येण्यापूर्वी आपल्या पेढ्यांवरील सारा व्यवहार बोरूने, मोडी किंवा महाजनी लिपीत चाले. मोडीत हात फारसा न उचलता लिहिता येते. झरझर खतावणी करणाऱ्याला ही मोठीच सोय होती.

लेखनाशी आपल्या समाजाचे नाते मात्र पेढीपुरते कधीच नव्हते. भगवान महावीरांची वाणी शतकानुशतके मुखपाठाने टिकली. दुष्काळांनी श्रमणसंघ विस्कळीत झाला, स्मृती क्षीण होऊ लागली, तेव्हा वीर निर्वाणानंतर ९८० व्या वर्षी, दुसऱ्या गणनेप्रमाणे ९९३ व्या वर्षी, वल्लभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम लिपिबद्ध झाले, अशी श्वेतांबर परंपरा आहे. दिगंबर परंपरेत षट्खंडागम लिहून पूर्ण झाल्याचे स्मरण म्हणून ज्येष्ठ शुद्ध पंचमीस श्रुतपंचमी साजरी होते, तर श्वेतांबरांत कार्तिक शुद्ध पंचमीस ज्ञानपंचमी. त्या दिवशी पोथीसोबत लेखणी आणि दौतही पूजेत मांडली जाते. लेखणी पायाखाली येणे ही ज्ञानाची आशातना, असे आपल्या घरांत लहानपणीच शिकविले जाते.

पाटण आणि जैसलमेरचे ज्ञानभांडार जगप्रसिद्ध आहेत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातही, १९१८ साली डेक्कन कॉलेजातून आलेल्या सरकारी संग्रहामुळे, जैन हस्तलिखितांचा मोठा ठेवा आहे. त्यांतील काळी शाई कित्येक शतकांनंतरही ठळक दिसते. दिव्याचे काजळ, डिंक आणि हिराबोळ एकत्र करून ती दीर्घकाळ खलली जाई. जितका खल अधिक, तितकी शाई टिकाऊ. पोथीच्या अखेरीस लेखनिक आपली पाठ, कंबर, मान मोडल्याची तक्रार करी आणि एवढ्या कष्टाने लिहिलेले जपून ठेवा, अशी विनंती करी. अक्षरामागे एका माणसाचे शरीर झिजलेले असते, याची ती आठवण होय.

नातीचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले. जुनी पेने कशाकशाची बनत, हे ती विचारू लागली. रबरात गंधक मिसळून तापविले की कठीण एबोनाइट तयार होते. भारतीय कारागीर आजही ते कातून पेने घडवितात. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतो. केसीन हे चक्क दुधापासून बनते. जपानी पेनांवरील चकाकी झाडाच्या चिकाची असते. काही जुन्या पेनांवर हस्तिदंताचेही काम असे. आणि आतील रबरी नळी चिकटविण्यास लाख वापरतात. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य यांची नावे आहेत, हे तिला आजीने शिकविले होते. पेनच्या एवढ्याशा नळीत ती नावे भेटतील, असे मात्र तिला वाटले नव्हते.

किंमत सांगणारा माणूस

दुरुस्ती करणाऱ्या कारागिरासमोर रांग होती. मुंबईहून आलेला हा पन्नाशीचा गृहस्थ कपाळाला भिंग बांधून बसला होता. शेठजींचा क्रमांक आला. रुमालाची घडी उलगडली गेली. कारागिराने पेन हाती घेतले, टोपण दोनदा उघडले-मिटविले, खिशाला अडकविण्याची पट्टी भिंगाखाली पाहिली, मागचा भाग फिरवून काढला आणि आत डोकावले. आत नळी नव्हतीच. काळ्या डिंकासारखा चिकट गोळा होता.

‘‘शेठजी, हे घेतले कोठून?’’

‘‘वडिलांनी मुंबईत घेतले. अठ्ठावन्न साली.’’

कारागिराने ताबडतोब काही सांगितले नाही. त्याने स्वतःच्या पेटीतून तसेच दुसरे पेन काढले आणि दोन्ही शेजारी ठेवली. ‘पार्कर फिफ्टी वन’ १९४१ साली बाजारात आले आणि जगभर इतके गाजले की त्याच्या नकलाही तितक्याच निघाल्या. १९४८ नंतरच्या अस्सल पेनात शाईची नळी एका विशिष्ट प्लास्टिकची असते; ती अर्धशतकानंतरही बहुधा शाबूत असते. ज्यात साध्या रबराची नळी विरघळलेली आढळते, ते पेन बहुतेक नकलेपैकी. अस्सलची निब चौदा कॅरट सोन्याची, म्हणजे शंभरात साडेअठ्ठावन्न भाग सोने. हिची निब पोलादी, वर सोन्याचा मुलामा, तोही उडालेला. नावाची अक्षरेही जराशी तिरकी.

‘‘म्हणजे नकली,’’ नात म्हणाली.

‘‘नकली आहे, बेटा. पण वाईट नाही. कोणी तरी मन लावून बनविले आहे. विकायचेच म्हटले तर दोन-तीनशे रुपये.’’

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपकव्यवहार सांगितला आहे: अस्सल मालाच्या नावाने बनावट माल खपविणे. शेठजींनी आयुष्यभर दुकानात हळदीत, मिरचीत, तुपात तो टाळला होता. बहात्तरच्या दुष्काळात धान्याची टंचाई असताना त्यांच्या वडिलांनीही तो टाळला होता. आणि त्याच घराच्या चौरंगावर तीस वर्षे पूजली गेली ती वस्तूच कोणा फेरीवाल्याने प्रतिरूपक म्हणून गळ्यात मारलेली! शेठजी प्रथम गप्प झाले, मग त्यांना हसू आले. वडिलांना हे कळले असते तर तेही हसले असते, असे ते म्हणाले.

येथे गुंतवणुकीविषयी दोन शब्द अवश्य सांगावयास हवेत, कारण प्रदर्शनात अनेक व्यापारी बांधव ‘हे घेऊन ठेवले तर भाव वाढेल का’ असे विचारीत होते. सोन्याच्या निबेतले सोने सामान्यतः अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर. सोने म्हणून तिची किंमत पेनच्या किमतीचा छोटा अंश असते. उरलेली किंमत दुर्मीळतेची, स्थितीची आणि घेणाऱ्याच्या आवडीची. तिला रोजचा बाजारभाव नाही आणि हवे तेव्हा गिऱ्हाईक नाही. हौस म्हणून घ्यावे, ठेव म्हणून घेऊ नये. आणखी एक. धनादेशावर फाउंटन पेनने सही करणाऱ्याने शाई टिकाऊ घ्यावी; साधी धुतली जाणारी शाई पाण्याने पुसता येते आणि रकमेत फेरफार करणाऱ्याला वाव मिळतो. धनादेशाची प्रतिमा पाठवून वटविण्याची पद्धत सुरू झाल्यापासून तारखेखेरीज खाडाखोडही चालत नाही, म्हणून लिहितानाच नीट लिहावे.

टोकाची झीज

पेन परत रुमालात जाणार, एवढ्यात शेठजींनी विचारले, ‘‘लिहील का?’’

‘‘नळी बदलली तर लिहील. निब पाहू द्या.’’

कारागिराने निबेचे टोक धुतले, पुसले आणि पुन्हा भिंग डोळ्यावर ओढले. निबेच्या टोकाशी कठीण धातूचा बारीकसा मणी असतो. कागदावर वर्षानुवर्षे घासून तो झिजतो, आणि लिहिणाराचा हात ज्या कोनात असेल त्याच कोनात झिजतो. म्हणून जुन्या पेनची निब दुसऱ्याच्या हातात खरखरते. चपलेच्या टाचेवरून चाल ओळखावी, तसा जाणकार निबेवरून हात ओळखतो.

‘‘हे पेन दोघांनी वापरलेले आहे,’’ कारागीर म्हणाला.

‘‘फक्त वडिलांनी वापरले.’’

‘‘शेठजी, येथे दोन सपाट पैलू आहेत. एक माणूस पेन सरळ धरणारा. दुसरा पेन डावीकडे कलते धरणारा. आणि दुसरा पैलू लहान नाही. महिना-दोन महिन्यांत असा पडत नाही, वर्षे लागतात. हवे तर आपणच पाहा.’’

त्याने भिंग काढून शेठजींच्या हाती दिले. शेठजींनी पाहिले. काय दिसले, ते त्यांनी सांगितले नाही. परंतु भिंग परत देण्यास त्यांना बराच वेळ लागला. धाकटा भाऊ लहानपणापासून पेन्सिल डावीकडे कलती धरीत असे आणि शाळेत त्याबद्दल मार खात असे, हे त्यांनी नातीला नंतर गाडीत सांगितले.

जुन्या पुराव्याच्या कायद्यातील, म्हणजे १८७२ च्या कायद्यातील, कलम ३४ व्यापाऱ्यांच्या परिचयाचे आहे. नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वह्यांतील नोंदी पुराव्यात घेता येतात. मात्र केवळ त्या नोंदींवरून कोणावर देणे लादता येत नाही, त्यांना दुसऱ्या कशाचा तरी आधार लागतो. १९९१ च्या वाटणीत वह्याच उरल्या नव्हत्या. उरला होता तो एका भावाचा शब्द आणि दुसऱ्या भावाचा शब्द. स्वतंत्र साक्ष होती ती त्या दिवशी चौरंगावरच, सर्वांसमोर पडलेली होती. ती वाचणारे कोणी नव्हते.

थोरल्यांनी पंचांपुढे खोटे सांगितले होते काय? सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, खोटा दस्त करणे. त्यांनी खोटा दस्त केला नव्हता; जे पाहिले नाही, ते घडलेच नाही असे मात्र ठामपणे सांगितले होते. व्यवहारात असे अनेकदा घडते. आपल्या गैरहजेरीत दुसऱ्याने केलेले काम आपल्या वहीत चढत नाही आणि म्हणून ते झालेच नाही, असे आपण धरून चालतो. भागीदारीत, नोकरांच्या पगारात आणि घरातील स्त्रियांच्या कष्टांत ही चूक रोज होते.

आणि वस्तूचे काय? तत्त्वार्थसूत्र परिग्रहाची व्याख्या वस्तूच्या संख्येने करीत नाही. आसक्तीला, मूर्च्छेला ते परिग्रह म्हणते. त्या सभागृहात शेकडो पेने बाळगणारे संग्राहक होते. त्यांतील काही जण आपले आवडते पेन अनोळखी मुलाच्या हाती लिहून पाहण्यास सहज देत होते. शेठजींच्या घरी मात्र एकच पेन होते, तेही न लिहिणारे, कुलूपबंद कपाटात.

केंदूरला परत

शेठजींनी पेन दुरुस्त करावयास दिले. लाख नको, असे नातीने सुचविले. कारागिराने विनातक्रार दुसरे चिकटद्रव्य वापरले आणि रबराऐवजी पारदर्शक प्लास्टिकची नळी बसविली. निबेचे टोक घासून नवे, गोल करून देऊ का, असे त्याने विचारले. तसे केल्यास पेन कोणाच्याही हातात गुळगुळीत चालेल. शेठजींनी नको म्हटले. पेनात निळी-काळी शाई भरली गेली. त्यांनी चाचणीच्या कागदावर सही केली. निब थोडी अडखळली, खरखरली. ती त्यांच्या हाताची नव्हतीच.

परतताना शिक्रापूर सोडल्यापासून ते फारसे बोलले नाहीत. गावात शिरल्यावर गाडी घराकडे वळू लागली, तेव्हा त्यांनी ती धाकट्या भावाच्या दुकानापाशी थांबविण्यास सांगितले. दिवेलागण होत होती. चौविहाराची वेळ साधण्यासाठी आत ताटे वाढली जात होती. धाकटे बंधू गल्ल्यावर बसून दिवसाचा हिशेब मिळवीत होते, बॉलपेनाने.

थोरल्यांनी पेन गल्ल्यावर ठेवले. पंचांसमोर आपण जे म्हटले ते चुकीचे होते, एवढेच ते म्हणाले. सोबत नकली असल्याचेही सांगितले. धाकट्यांनी पेन उचलले, टोपण मागे खोचले आणि पाठकोऱ्या कागदावर ओढून पाहिले. हात आपोआप डावीकडे कलला. निब खरखरली नाही. त्यांनी दुसरी ओळ लिहिली, मग तिसरी. ‘‘भाईसाहेब, मला अठ्ठ्याऐंशीतच माहीत होते, हे नकली आहे ते,’’ ते म्हणाले. ‘‘एकदा मीच पुण्याला दुरुस्तीस नेले होते. वडिलांना वाईट वाटेल, म्हणून बोललो नाही.’’

पुढे काय बोलणे झाले, ते त्या दोघांनाच ठाऊक. त्या रात्री जेवण मात्र धाकट्यांच्या घरी झाले, तेही सूर्यास्तापूर्वी धावपळ करून.

यंदाच्या दिवाळीत दोन्ही दुकानांचे वहीपूजन पूर्वीप्रमाणे आपापल्या जागी झाले; दोन्ही व्यवसाय स्वतंत्र आहेत आणि कर विवरणेही स्वतंत्र, त्यामुळे चोपडेही दोन. मुहूर्त मात्र वेगवेगळे निवडले गेले. पहिला मुहूर्त धाकट्यांचा, दुसरा तासाभराने थोरल्यांचा. मधल्या वेळेत नात रस्ता ओलांडून गेली आणि रुमालात गुंडाळलेले पेन घेऊन आली. त्यात अजून शाई होती. थोरल्यांनी नव्या चोपड्यावर ‘श्री’ काढला. निब त्यांच्या हातात नेहमीप्रमाणे अडखळली, आणि एक टिंब जास्तीचे पडले. त्यांनी ते खोडले नाही.